उरेब कापाचा झगा

आमचे हे चष्म्याच्या दुकानात काम करतात. दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मे बसवायचे, कानामागची काडी जराशी वाकवायची, पुन्हा बसवून बघायचे. त्यामुळे समोरचा माणूस कसाही असला तरी थोडाफार वाकतोच, अशी त्यांची पक्की समजूत आहे. मला वाकवायचा नाद मात्र त्यांनी लग्नानंतर लवकरच सोडून दिला. ‘तुझ्या नाकावर चष्म्याला जागाच कुठं आहे, तिथं आधीच राग बसलेला असतो,’ असं ते म्हणतात. मग मी चिडते, आणि ते चहा ठेवायला जातात.

मी शिवणकाम करते. पुढच्या खोलीत खिडकीशी मशीन, भिंतीला कापडांचं कपाट आणि मधोमध कापूस भरलेला बिनडोक्याचा एक पुतळा. ‘आपल्या घरातलं सगळ्यात समंजस माणूस’ असं हे त्याला म्हणतात. रोज सकाळी मशीनवरचं आच्छादन काढण्याआधी मी तिथंच स्टुलावर बसून प्रार्थना करते. लहानपणापासूनची सवय आहे. पण गिऱ्हाईक मला जशी तारीख घालून देतं, तशीच मीही प्रभूला घालून देत असे. एवढा एवढा धीर हवा, अमुक वारापर्यंत हवा, आणि मापाला चोख हवा. एकदा चर्चच्या पाळकांना हे सांगितलं तर ते पोट धरून हसले आणि म्हणाले, ‘बाई, देव तुमच्याकडे कामाला नाहीये.’ मला राग आला. पण पाळकांवर कसा काढणार, म्हणून तो घरी आणला आणि ह्यांच्यावर काढला.

धीर मला खरं म्हणजे एकाच माणसासाठी हवा होता. ह्यांच्या मुलीसाठी. ह्यांची पहिली बायको आजारपणात गेली तेव्हा ही पोर शाळेत होती, आणि मी ह्या घरात आले तेव्हा तिचे फ्रॉक आखूड व्हायला लागले होते. आल्या आल्या मी तिच्या सगळ्या फ्रॉकांची खालची दुमड सोडून दिली. तिनं ‘थँक्यू मावशी’ म्हटलं, आणि तेव्हापासून मी मावशी आहे. मावशी हा काही वाईट शब्द नाही. पण मावशी येऊन-जाऊन असते, आणि मी तर रोज तिचा डबा भरत होते.

ह्यांनी लेकीचं नाव जनरल ठेवलंय. ती लहानपणापासून हुकूम सोडते म्हणून. आता ती रुग्णवाहिकेच्या कचेरीत फोनवर बसते. पलीकडचा माणूस रडत असतो, ओरडत असतो, आणि ही शांतपणे पत्ता विचारून गाडी सोडते. तिथं एकेका श्वासाला किंमत असते. घरी आली तरी तिचं घड्याळ तसंच धावत असतं. चमचा शोधायला मला वेळ लागला तरी तिची बोटं टेबलावर वाजायला लागतात.

तर ह्या जनरलचं लग्न ठरलं. मुलगा चांगला, शांत, तिच्या हुकमात राहण्यात सुख मानणारा. मी म्हटलं, ‘झगा मी शिवणार.’ ती म्हणाली, ‘वेळेत होईल ना?’ मी म्हटलं, ‘होईल.’ इथवर सगळं छान चाललं होतं.

त्याच दिवशी जेवताना तिनं चर्चमधली बसायची व्यवस्था सांगितली. पहिल्या बाकावर बाबा. बाबांच्या शेजारची जागा आईची. ती रिकामी ठेवायची. पाळकांची परवानगी तिनं आधीच घेतली होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘मावशी, तुम्ही दुसऱ्या बाकावर, आत्यांच्या शेजारी. चालेल ना?’

‘चालेल की,’ मी म्हणाले.

हे ताटातल्या भाताचा एकेक कण वेचत बसले. मला ते फार लागलं. मेलेल्या माणसाला पहिला बाक आणि जित्या माणसाला दुसरा. असं मनात आलं आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली, पण आलं ते आलंच. त्या जागेवर आपण बसावं असं मला फार वाटत होतं. कुणाला सांगितलं नव्हतं इतकंच.

तिनं निवडलेला झगा उरेब कापाचा होता. कापड सरळ न धरता तिरपं धरून कापलं की त्याला आम्ही उरेब म्हणतो. अंगावर ते फार सुंदर पडतं, पण त्याची एक खोड असते. शिवून झाल्यावर ते स्वतःच्या वजनानं हळूहळू खाली उतरत राहतं. तेही सगळीकडून सारखं नाही. कुठं बोटभर, कुठं दोन बोटं, कुठं काहीच नाही. म्हणून झगा शिवला की पुतळ्यावर चढवून काही दिवस नुसता सोडून द्यायचा. काय उतरायचं ते उतरू द्यायचं. खालची कड सारखी करणं आणि दुमडणं, हे सगळ्यात शेवटी.

मी झगा शिवून पुतळ्यावर चढवला आणि घराचा रंगच बदलला. पुढच्या खोलीत कुणीतरी राहायला आल्यासारखं वाटायला लागलं. दुपारी खिडकीतून ऊन आत यायचं, जमिनीवरून सरकत सरकत झग्याच्या कडेला टेकायचं, आणि मग सगळी खोली दुधाळ होऊन जायची. पंखा नसतानाही सॅटिन मधूनच हलायचं. मी दुसऱ्या कुणाच्या तरी ब्लाउजला हुक लावत बसलेली असायचे आणि मागे कुणीतरी हलकेच पाय बदलून उभं राहिलंय असा भास व्हायचा. वळून बघितलं तर कुणी नाही; झगा केसभर खाली आलेला. एकदा तर हे कामावर निघताना ‘येतो गं’ म्हणून त्या झग्यालाच सांगून गेले. मी स्वयंपाकघरात होते.

जनरल एका सकाळी रात्रपाळी करून आली, झगा बघायला वळली आणि पुढच्या खोलीच्या दारातच थांबली.

‘हा अजून असाच?’

‘उतरतोय.’

‘काय उतरतोय? परवाही असाच होता.’

‘तुला दिसायचं नाही ते.’

‘मावशी, मी फोन उचलायला जरा उशीर केला तर माणूस दगावतं. आणि तुम्ही कापडाची वाट बघत बसलाय.’ तिचा आवाज थकलेला होता, रात्रीच्या पाळीत काहीतरी वाईट घडलं असणार. पण ते मला नंतर सुचलं. तेव्हा फक्त पुढचं वाक्य ऐकू आलं. ‘तुमच्या मनात नसेल तर तसं सांगा. मी विकतचा आणते.’

मनात नसेल तर! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिभेवर काय काय आलं ते सांगत नाही. दुसऱ्या बाकावर बसणारीनं पहिल्या बाकापुढच्या नवरीचा झगा शिवायचा आणि वर हे ऐकून घ्यायचं? पण मी ओठ घट्ट मिटले. मनात म्हटलं, बघ प्रभू, गप्प बसले, धीर धरला. आणि तिला म्हणाले, ‘संध्याकाळी घालून बघ.’

ती झोपायला गेली. मी पट्टी घेतली, कात्री घेतली, आणि न उतरलेल्या झग्याची कड कचाकचा कापून दिवस मावळायच्या आत सगळी दुमड हातशिलाईनं घालून टाकली. राग तोंडातून बाहेर पडला नव्हता, तो हातात उतरला होता, आणि मी त्यालाच धीर म्हणत होते.

संध्याकाळी तिनं झगा घातला, गोल फिरली, आरशात बघून हसली, मला घाईघाईनं मिठी मारली. ‘बघा, झाला की नाही एका दिवसात!’ मी म्हटलं, ‘झाला.’ झगा परत पुतळ्यावर गेला आणि ती तिच्या पाळीवर गेली. लग्नापर्यंत जादा पाळ्या होत्या, म्हणून ती कचेरीजवळ आत्यांकडेच राहणार होती.

रविवारी उपासनेहून घरी आलो. हे चपला काढता काढता पुढच्या खोलीकडे बघून थांबले. डोकं तिरपं करून बघत राहिले, वाकडा चष्मा घालून आलेल्या गिऱ्हाइकाकडे बघतात तसं.

‘अगं,’ ते म्हणाले, ‘हा असाच असायचा असतो का?’

असा नसायचा असतो. दोन्ही बाजूंना झगा लोंबला होता, पुढून आखूड राहिला होता, आणि मी घातलेली सुबक दुमड वर-खाली हेलकावे खात होती. मी एवढी जुनी शिवणारी, नवशिक्या पोरीला शिकवते ती पहिली गोष्ट मीच मोडली होती. मी मटकन खाली बसले आणि रडले. ह्यांनी चहा ठेवला नाही. तेही माझ्याशेजारी जमिनीवर बसले.

‘उसवता येईल ना?’ त्यांनी विचारलं.

‘झगा येईल,’ मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टुलावर प्रार्थनेला बसले आणि काही मागताच येईना. तारीख घालायची हिंमत राहिली नव्हती. बराच वेळ नुसती हात जोडून बसले. मग मनात आलं, की आपला प्रभू आधी सुतार होता. किती तरी वर्षं तो त्या कामावर होता, कुणाला त्याचं नाव ठाऊक नव्हतं. ओलं लाकूड सुकायला ठेवून वाट बघणं त्यालाही चुकलं नसेल. घाई केली की दार वाकडं होतं आणि गिऱ्हाईक दारात येऊन उभं राहतं, हे त्याला कुणी सांगायला नको. मला एकदम फार बरं वाटलं. ज्याला वाट बघण्याचं काम माहीत आहे अशा कुणाच्या तरी शेजारी बसल्यासारखं वाटलं. मी आमेन म्हटलं आणि उसवायला घेतलं.

सॅटिनचं उसवणं म्हणजे काय ते शिवणाऱ्याला विचारा. टाका ओढायचा नाही, नाहीतर कापडाला ओरखडा जातो. सुईचं टोक दोऱ्याखाली घालायचं, दोरा अलगद उचलायचा, कापायचा, तुकडा चिमटीनं बाहेर काढायचा. मग पुढचा टाका. पहिल्या दुपारी मी दर टाक्याला स्वतःला शिव्या देत होते. नंतर शिव्या संपल्या. मग काय, खोलीत मी, झगा आणि सरकणारं ऊन. मी प्रत्येक टाक्याला प्रार्थना करत होते असं म्हणणं खोटं होईल. पण मी एकटी नव्हते, एवढं खरं.

आणि तिथं बसल्या बसल्या मला ती आठवायला लागली. ह्यांची पहिली बायको. जिला मी कधी पाहिलंच नव्हतं ती कशी आठवणार, पण आठवत होती. आतल्या खोलीत तिचा फोटो आहे. मी रोज त्याची काच पुसायचे, आणि पुसताना नजर फडक्यावर ठेवायचे. इतकी वर्षं मी मनातल्या मनात तिच्याशी भांडत होते आणि ती एका शब्दानं उत्तर देत नव्हती. अशा बाईपुढे कोण जिंकणार? त्या दुपारी मी पहिल्यांदा आत गेले आणि फोटोकडे नीट बघितलं. तिचे केस जनरलसारखेच कपाळावर उडालेले होते. हसताना एक डोळा बारीक झाला होता. मला ती आवडली. हे मला अपेक्षित नव्हतं.

परत येऊन सुई हातात घेतली आणि बसल्या जागी माझा डोळा लागला. स्वप्नात झग्यात कुणीतरी उभं होतं, माझ्याकडे पाठ करून, माप द्यायला उभं राहतात तसं. मी गुडघ्यांवर तिच्याभोवती फिरत होते, टाचण्या लावत होते, आणि किती फिरले तरी पुढच्या बाजूला पोचत नव्हते. ‘किती खाली सोडू?’ मी विचारलं. तिनं नुसतं वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर घेतलं, पोर कंटाळली की घेते अगदी तसं. मला भीती वाटली नाही. मी म्हटलं, ‘बरं, तुला वाटेल तेव्हा सांग.’ जाग आली तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं आणि झगा मोकळा, न दुमडलेला, आपल्या मनानं खाली येत होता.

त्यानंतर मी त्याला हात लावला नाही. येता-जाता बघायचे, बस. मनात पहिल्या बाकाचा विचार यायचा. ती जागा रिकामीच राहायला हवी, हे मला आता पटलं होतं. तिथं बसावं असं वाटणं काही थांबलं नाही. माणूस आहे मी. पण त्यातली आग गेली होती. रोज सकाळी मी प्रभूला तेवढंच सांगत होते, की वाटतंय, पण राहू दे.

लग्नाच्या आदल्या दुपारी जनरल शेवटचं माप द्यायला आली. मी तिला दारातच सांगितलं, कारण आत येऊन तिनं स्वतः बघितलं असतं तर मला बोलायला तोंड राहिलं नसतं.

‘दुमड उसवलीय मी. त्या दिवशी घाईत घातली होती, सगळी वेडीवाकडी झाली. आज नीट घालते.’

‘उद्या लग्न आहे, मावशी!’

‘आहे. संध्याकाळपर्यंत होईल. उतरायचं तेवढं उतरलंय आता.’

‘पण तुम्हाला माहीत होतं ना असं होतं ते? मग घातलीत का?’

‘रागात.’

‘कुणाच्या?’

‘तुझ्या,’ मी म्हणाले. ‘पहिल्या बाकाच्या.’

मी तिला झगा घातला, उद्याचेच बूट घालायला लावले आणि लाकडी खोक्यावर उभं केलं. दुमडीचं माप घेताना नवरीनं हलायचं नसतं. सरळ समोर बघायचं, कारण खाली वाकून बघितलं की पुढची कड जमिनीकडे जाते आणि मागची उचलली जाते. मी जमिनीवर पट्टी उभी धरली, खडूनं पहिली खूण केली आणि तिच्याभोवती गुडघ्यांवर सरकायला सुरुवात केली.

‘एक सांगते,’ मी म्हटलं. ‘जागा रिकामीच ठेव. तू केलंस ते बरोबर आहे. उद्या सकाळी मी लवकर जाऊन तिथं फुलं ठेवेन. फक्त तिला कुठली आवडायची ते मला माहीत नाही. ते सांग.’

एवढं बोलून मी टाचण्या ओठांत धरल्या आणि कामाला लागले. ही आता रागावणार, असं मला वाटलं. मी खूण करत राहिले, टाचणी लावत राहिले. मग माझ्या हातावर एक थेंब पडला. मी घाबरून आधी सॅटिन बाजूला घेतलं.

‘पांढरी शेवंती,’ ती म्हणाली. समोरच बघत होती, सांगितल्याप्रमाणे. ‘तुम्ही कधी विचारलंच नाही.’

मी टाचण्यांमधून ‘हं?’ केलं.

‘तिच्याबद्दल. एकदाही. बाबांना विचारलं तर ते रडतात, म्हणून मी त्यांच्याशी तो विषय काढत नाही. मला वाटायचं, मावशी कधीतरी विचारतील. मी शाळेतून आले की रोज वाटायचं, आज विचारतील. तुम्ही फोटो पुसायचा, पण बघायचा नाही. मग मला वाटलं, तुम्हाला ती ह्या घरात नकोच आहे. म्हणून दुसरा बाक. तुम्हाला तिच्या शेजारी बसवणार तरी कसं?’

मी जागच्या जागी थांबले. इतकी वर्षं मी ह्या पोरीसाठी धीर मागत होते. ही तर फ्रॉक आखूड होत होते तेव्हापासून माझी वाट बघत उभी होती, एक शब्द न बोलता. जिला मी चमचा शोधेपर्यंत दम निघत नाही, ती. मला स्वतःची इतकी लाज वाटली, आणि तिच्याबद्दल इतकी माया दाटून आली, की दोन्ही एकदम सोसेनात.

‘ती चर्चमध्ये कधी एकटी बसायची नाही,’ जनरल म्हणाली. तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. ‘कुणालाही हाताला धरून शेजारी बसवायची. अनोळखी बायकांनासुद्धा. जागा रिकामीच ठेवू, मावशी. पण एका बाजूला बाबा आणि दुसऱ्या बाजूला तुम्ही बसा. नाहीतर ती कडेला एकटी पडेल.’

मी टाचण्या एकेक करून तोंडातून काढल्या आणि उशीत खोचल्या. डोळे पुसले. खडूची रेघ दिसेना, म्हणून पुन्हा पुसले.

‘अजून सांग तिच्याबद्दल,’ मी म्हणाले. ‘मागची बाजू राहिलीय. वेळ लागेल.’

‘लागू दे,’ ती म्हणाली, आणि न हलता, समोर बघत, सांगायला लागली.